पऱ्हाटीच्या उन्हात खिशातला कॅमेरा

कॅमेऱ्याची परीक्षा साधारणपणे बंद खोलीत होते. भिंतीवर बारीक रेघांचा तक्ता लावतात, त्यावर मोजूनमापून उजेड पाडतात, कॅमेरा तिपाईवर बसवतात आणि रेघा कोपऱ्यापर्यंत किती स्वच्छ उमटल्या, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला दाद देण्याची पातळी, वाढवल्यावर चित्रात किती दाणे दिसू लागले, हे आकड्यांत मांडतात. या परीक्षा खोट्या नसतात आणि मी त्या आवडीने वाचतो. परंतु हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या आणि उरलेल्या वेळात वावराकडे चक्कर टाकणाऱ्या माणसाने रोज खिशात बाळगण्यासाठी कोणता कॅमेरा घ्यावा, या प्रश्नाचे उत्तर त्या तक्त्यावर सापडत नाही. आमचा तक्ता निराळा आहे. त्यात काळी जमीन आणि पांढरा कापूस शेजारीशेजारी असतात, मे महिन्यातला पारा असतो, बंडीच्या वाटेवरचा फुफाटा असतो आणि रात्रीच्या मंडपातला लुकलुकणारा एलईडीचा उजेड असतो. गेली काही वर्षे मी एक छोटा डिजिटल कॅमेरा या तक्त्यावर तपासत आलो आहे, आणि अशा कॅमेऱ्याची पारख आपल्याच वर्षावर, म्हणजे आपल्या हंगामांवर आणि आपल्या उजेडावर करावी, असे माझे मत बनले आहे.

खिशातला कॅमेरा ही वस्तू आता दुर्मिळ होत चालली आहे, हे आधी मान्य करायला हवे. जपानमधल्या कॅमेरा उत्पादकांच्या सीपा या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० साली लेन्स न निघणारे जवळपास ११ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते; २०२३ साली तो आकडा सुमारे १७ लाखांवर आला. मधली सगळी जागा मोबाईलने घेतली. आमच्या गावात तर शेतकऱ्याला फोटो काढायला शासनानेच शिकवले, असे म्हणता येईल, कारण १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद होण्यासाठी प्रत्येकाला आपल्या धुऱ्यावर उभे राहून मोबाईलने पिकाचा फोटो काढावा लागू लागला. ज्यांनी आयुष्यात लग्नाच्या अल्बमपलीकडे फोटोचा विचार केला नव्हता, ते आता पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, चौकटीत नीट बसली की नाही यावर वाद घालतात. अशा गावात कॅमेऱ्यासाठी वेगळा पैसा घालणाऱ्या मास्तराला लोक शहाणा समजत नाहीत, आणि त्यांचा हिशेब अगदीच चुकीचा आहे असेही नाही. मोबाईल जिथे कमी पडतो तिथे हा कॅमेरा पुरा पडत असेल, तरच तो खिशात राहावा.

सर्वांत मोठा फरक सेन्सरच्या, म्हणजे आत चित्र टिपणाऱ्या चकतीच्या, आकाराचा असतो. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांत बहुधा सुमारे ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटरचा सेन्सर असे. त्याचे क्षेत्रफळ २८ चौरस मिलिमीटरच्या आसपास भरते. सोनीने २०१२ साली आरएक्स १०० हा कॅमेरा काढला आणि सुमारे २४० ग्रॅमच्या देहात १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे आधीच्या चौपट क्षेत्रफळाचा सेन्सर बसवला. बाजारात याला एक इंची म्हणतात. त्यानंतर कॅनन आणि पॅनासॉनिक यांनीही याच मापाचे खिशातले कॅमेरे काढले. त्याहून मोठा सेन्सर हवा असेल तर रिको जीआर ३ आहे. २०१९ साली आलेल्या या कॅमेऱ्यात एक इंचीच्याही तिपटीहून मोठा सेन्सर आहे, परंतु लेन्स एकच, २८ मिलिमीटरची, म्हणजे रुंद कोनाची, झूम नाही. माझा कॅमेरा एक इंची गटातला आहे, झूमचा आहे आणि जुना घेतलेला आहे. त्याच्या कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण मला सांगायचे आहे ते त्या गटातल्या सगळ्यांनाच कमीअधिक लागू पडते.

आता कापूस. दसऱ्यापासून पुढे दोनतीन महिने आमच्याकडे ज्याला रोजचे छायाचित्रण म्हणता येईल ते वेचणीच्या भोवतीच फिरते. बाया सकाळी वावरात जातात, कमरेला बांधलेल्या कापडाच्या झोळीत कापूस भरत ओळीओळीने पुढे सरकतात आणि संध्याकाळी वजन होऊन हिशेब होतो. फोटोग्राफीची पुस्तके सकाळ-संध्याकाळच्या ज्या सोनेरी वेळेची भलामण करतात त्या वेळेला एक तर दव असते किंवा वजनकाट्याभोवती घाई असते. काम चालते ते दुपारी, आणि दुपारी ऊन डोक्यावर असते. चौकटीत तीन गोष्टी असतात: जवळजवळ काळी जमीन, डोळे दिपवणारा पांढरा कापूस, आणि डोक्यावरून घेतलेल्या रुमालाच्या सावलीत गेलेला सावळा चेहरा. एका चित्रात या तिघांना न्याय देणे कोणत्याही सेन्सरला जड जाते.

कॅमेऱ्याच्या आतला प्रकाशमापक समोरच्या दृश्याची सरासरी मधल्या करड्या छटेवर आणू पाहतो. त्यामुळे एकाच पिकासाठी मला दोन उलट्या दुरुस्त्या कराव्या लागतात. वावरात चौकटीचा बहुतेक भाग काळ्या मातीचा आणि पानांचा असतो, म्हणून मापक चित्र उजळ करायला जातो आणि बोंडातला कापूस नुसता पांढरा डाग होऊन बसतो; तिथे एक्स्पोजर, म्हणजे चित्राला मिळणारा उजेड, पाऊण ते एक स्टॉप खाली आणावे लागते; एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा, एक स्टॉप वर म्हणजे दुप्पट. तोच कापूस पुढे जिनिंगच्या आवारात ढीग होऊन पडला की चौकटभर पांढरेच पांढरे होते, मापक घाबरून चित्र अंधारे करतो आणि ढीग राखेच्या रंगाचा दिसतो; तिथे एक स्टॉप वर न्यावे लागते. म्हणून खिशातला कॅमेरा हातात घेतल्यावर मी पहिल्यांदा मेगापिक्सेल पाहत नाही. एक्स्पोजर कमी-जास्त करण्याची चकती किंवा बटण अंगठ्याखाली आहे की मेनूच्या तिसऱ्या पानात दडलेले आहे, हे पाहतो. ज्या कॅमेऱ्यात ते दडलेले असेल तो वेचणीच्या हंगामात निरुपयोगी आहे, मग त्याला परीक्षकांनी कितीही गुण दिलेले असोत.

या ठिकाणी मोबाईलची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. आजचा बरा मोबाईल एका दाबात अनेक फोटो काढतो, त्यांतला कापसाचा तपशील एकातून आणि मातीचा दुसऱ्यातून घेतो आणि जुळवून दाखवतो. छोट्या कॅमेऱ्याची तयार जेपीजी फाइल त्यापुढे हरते. कॅमेऱ्याची रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती, घेऊन घरी संगणकावर बसले तर सावल्या उघडता येतात आणि बोंडाचे तंतू परत मिळवता येतात, परंतु त्यासाठी रात्रीचा वेळ, संगणक आणि वीज लागते, आणि या तिन्ही गोष्टी खेड्यात एका वेळी असतीलच असे नाही. ज्याला रॉवर काम करायचे नाही त्याने कापसाच्या वावरासाठी कॅमेरा घेण्याची गरज नाही, असे मी म्हणालो असतो, जर छोट्या कॅमेऱ्यात एक जुनी सोय नसती.

ती सोय फ्लॅशची आहे. फ्लॅश अंधारात लावायची वस्तू आहे असा सर्वत्र समज असला तरी माझ्या कॅमेऱ्यातला फ्लॅश मी सर्वांत जास्त भर दुपारी वापरतो. मोठ्या कॅमेऱ्यांत सेन्सरपुढे सरकणारा पडदा असतो आणि त्याच्याबरोबर साधा फ्लॅश सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागापर्यंतच जुळतो. खिशातल्या बहुतेक कॅमेऱ्यांत शटर लेन्सच्या आतच असते, पाकळ्यांचे, आणि ते सेकंदाच्या हजाराव्या भागालाही फ्लॅशशी जुळून चालते. त्यामुळे ऊन आटोक्यात ठेवून रुमालाच्या सावलीतल्या चेहऱ्यावर थोडासा उजेड टाकता येतो. फ्लॅशचा जोर बेताचा असल्याने माणूस एखाद्या मीटरच्या अंतरावर असावा लागतो, आणि इतक्या जवळ जायचे तर आधी दोन शब्द बोलावे लागतात. मला ही अडचण वाटत नाही. मोबाईलच्या मागचा दिवा या कामाला अगदीच दुबळा पडतो. जीआर ३ मध्ये आतला फ्लॅश नाही, तो आधीच्या जीआर २ मध्ये होता. अशा बारीकसारीक गोष्टी परीक्षणात एका ओळीत उरकतात, पण आमच्या उन्हात निवड त्यावरच ठरते.

चेहऱ्याचा विषय निघाला म्हणून थोडे विषयांतर करतो. मोबाईल चेहरा ओळखतो, उजळतो आणि त्वचेवरच्या रेषा पुसतो. माझा कॅमेरा तसे काही करत नाही. एकाच मावशींचे दोन्हींतून काढलेले फोटो मी त्यांना दाखवले, तेव्हा माझा कल अर्थातच कॅमेऱ्याकडे होता. उन्हाने रापलेला रंग, कपाळावरच्या आठ्या, सारे जसेच्या तसे होते. मावशींनी तो फोटो दूर धरला, जवळ धरला आणि विचारले, “मी एवढी कायी हाओ काय जी?” त्यांनी मोबाईलमधला फोटो मागून घेतला. खरा रंग दाखवणे हा गुण आहे असे मी धरून चाललो होतो, आणि अजूनही धरतो, परंतु ज्याचा फोटो आहे त्याचे मत परीक्षेत मोजायचे की नाही, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही. आता मी चेहरा काढताना एक्स्पोजर किंचित वर ठेवतो. कापसाचा थोडा तपशील त्यात जातो, तो जाऊ देतो.

भर उन्हातली दुसरी अडचण अशी की मागचा पडदा दिसतच नाही. कॅमेरा समोर धरला की पडद्यावर आपलाच चेहरा आणि मागचे आभाळ दिसते, आणि चौकट अंदाजाने साधावी लागते. यावर उपाय म्हणजे डोळ्याला लावायची खिडकी, व्ह्यूफाइंडर. सोनीने २०१४ साली आरएक्स १०० च्या तिसऱ्या आवृत्तीत वर उघडणारी छोटी खिडकी दिली, तेव्हा कित्येकांना ती चैन वाटली असेल. विदर्भात ती गरज आहे. त्याच कॅमेऱ्यात उजेड अडवणारे काळसर फिल्टरही आत बसवलेले होते. त्याचे महत्त्व साध्या हिशेबाने कळते. एफचा आकडा भिंगाचे तोंड किती उघडे ते सांगतो; आकडा जितका लहान तितके तोंड मोठे. जुन्या नियमाप्रमाणे कडक उन्हात एफ १६ ला शटर सेकंदाचा साधारण आयएसओच्या आकड्याइतका भाग ठेवायचा. म्हणजे आयएसओ १२५ असेल तर एकशेपंचविसावा भाग. भिंग एफ ४ पर्यंत उघडले की तोच हिशेब दोन हजाराव्या भागावर जातो, आणि अशा पुष्कळ कॅमेऱ्यांतले पाकळ्यांचे शटर तिथेच थांबते. म्हणून खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला एफ १.८ चा आकडा वावरात दुपारी वापरताच येत नाही. तो आकडा रात्रीचा आहे, आणि रात्रीविषयी पुढे लिहितो.

किडीच्या फोटोंबाबत फार लिहिण्यासारखे नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यभरातल्या कापसाचे मोठे नुकसान केले, तेव्हापासून फोडलेल्या बोंडाचा जवळून फोटो काढून कृषी सहायकाकडे किंवा अकोल्याच्या विद्यापीठातल्या ओळखीच्या माणसाकडे पाठवणे ही सवयीची गोष्ट झाली आहे. एक इंची कॅमेरे पाच सेंटिमीटरपर्यंत जवळ जातात, पण फक्त सर्वांत रुंद कोनात, आणि तेव्हा कॅमेऱ्याचीच सावली बोंडावर पडते. या कामाला ऑलिंपसचा टीजी ६ कितीतरी सरस आहे, कारण तो भिंगासमोर एका सेंटिमीटरवरच्या वस्तूवरही फोकस करतो. माझ्यापुरते सांगायचे तर अळीचा फोटो मी मोबाईलनेच काढतो, कारण तो पाठवायचाही तिथूनच असतो.

धूळ आणि उष्णता यांवर मात्र थांबले पाहिजे, कारण खोलीतल्या परीक्षांनी ज्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले आहे त्या याच दोन गोष्टी आहेत. झूमचा छोटा कॅमेरा चालू केला की भिंगाची नळी बाहेर येते, बंद केला की आत जाते, आणि या हालचालीत तो लोहाराच्या भात्यासारखा हवा ओढतो आणि सोडतो. हवेबरोबर जे असेल ते आत जाते. आमच्या हवेत उन्हाळ्यात वाटेवरचा फुफाटा असतो, हिवाळ्यात मळणीचा भुसा असतो आणि जिनिंगच्या आसपास रुईचे तंतू असतात. लेन्स निघणाऱ्या कॅमेऱ्यात सेन्सर निदान पुसता तरी येतो. यात लेन्स निघतच नाही, त्यामुळे सेन्सरवर बसलेला कण काढायचा तर कॅमेरा उघडावा लागतो, आणि हे काम गावात किंवा तालुक्याला होत नाही. माझ्या कॅमेऱ्यातही वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका आहे. एफ २.८ ला तो दिसत नाही, एफ ८ च्या पुढे निळ्या आभाळात स्पष्ट दिसतो. या आकाराच्या सेन्सरवर एफ ८ च्या पुढे जाऊन चित्र तसेही मऊ पडू लागते, म्हणून मी एफ ४ आणि एफ ५.६ यांच्या बाहेर फारसा पडत नाही आणि ठिपक्याशी माझे जमून गेले आहे. जिनिंगच्या आवारात कॅमेरा एकदा चालू केला की काम होईपर्यंत बंद करायचा नाही, नळी सारखी आतबाहेर होऊ द्यायची नाही, एवढा नियम मी पाळतो. बॅटरी थोडी अधिक जाते, पण खिशात दुसरी असते.

उष्णतेचे गणित याहून कठीण आहे. बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत शेवटच्या पानांवर कोठेतरी वापराचे तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस असे छापलेले असते. मे महिन्यात वर्धा, नागपूर, चंद्रपूर या पट्ट्यात पारा ४५ च्या पुढे जातो, म्हणजे कागदावर पाहिले तर वर्षातले कित्येक दिवस हा कॅमेरा आमच्याकडे वापरण्यासाठी बनवलेलाच नाही. प्रत्यक्षात तो चालतो. साधी छायाचित्रे तो विनातक्रार काढतो. त्रास होतो तो व्हिडिओला, कारण छोट्या देहातली उष्णता बाहेर पडायला जागा नसते आणि थोड्याच वेळात कॅमेरा सूचना देऊन बंद होतो. रात्रीच्या दीर्घ एक्स्पोजरलाही फटका बसतो. सेन्सरचे तापमान सुमारे ६ ते ८ अंशांनी वाढले की अंधारातही आपोआप साठणारा विद्युतभार दुप्पट होतो, म्हणून मेच्या रात्री गच्चीवरून ताऱ्यांचे चित्र घेतले तर ताऱ्यांइतकेच लाल-निळे खोटे ठिपके उमटतात, आणि तेच चित्र जानेवारीत स्वच्छ येते. मोटारसायकलच्या डिक्कीत कॅमेरा ठेवू नये हे वेगळे सांगायला नको. लिथियम बॅटरीला तर पूर्ण भरलेल्या अवस्थेतली उष्णता सर्वांत वाईट. उन्हाळ्यात मी बॅटरी अर्धीच भरून ठेवतो आणि कॅमेरा दप्तरात वह्यांच्या मध्ये ठेवतो. पावसाळ्यात उलटी काळजी असते. दमट अंधारात भिंगावर बुरशी धरते, त्यासाठी सिलिका जेलच्या पुड्या घातलेला घट्ट झाकणाचा डबा पुरतो.

पोळ्याला या कॅमेऱ्याची परीक्षा होत नाही, कारण श्रावण अमावास्येला बहुधा आभाळ असते, उजेड मऊ असतो, बैल तोरणाखाली उभे असतात आणि शिंगांची बेगडे चमकत नाहीत. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढणारी पोरे तर फोटोसाठी आपणहून रांग लावतात. परीक्षा होते ती शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी राज्याचा कायदा वैध ठरवल्यापासून पट पुन्हा जोमाने भरू लागले आहेत. जोडी काही सेकंदांत पट संपवते, आणि जुन्या छोट्या कॅमेऱ्यांचे फोकस दृश्यातला काँट्रास्ट शोधत पुढेमागे करत बसते, तोवर जोडी निघून गेलेली असते. उपाय जुनाच आहे: पटाच्या कडेच्या एखाद्या खुणेवर आधी फोकस बांधून ठेवायचे, शटर हजाराव्या भागावर, आणि जोडी त्या खुणेवर येण्याच्या किंचित आधी बटण दाबायचे. हिवाळ्यातल्या उन्हात उजेड मुबलक असल्याने झूम पूर्ण लांबवूनही हे साधते. मोबाईलला इथे मी मागे ठेवीन. त्यात अंतर जवळ आणताना बऱ्याचदा चित्र कापून मोठे केलेले असते, आणि उधळलेल्या मातीचे कण त्यात रंगाच्या लगद्यासारखे दिसतात.

रात्रीची परीक्षा झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्यात, होते. माझ्या बहिणीचे सासर ब्रह्मपुरी तालुक्यात आहे आणि दिवाळीनंतर तिकडे गेलो की नाटक ठरलेले असते. वडशाच्या, म्हणजे देसाईगंजच्या नाटक मंडळ्या गावोगाव जातात, दिवसा मंडई किंवा पट असतो, रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत प्रयोग चालतो. मंचावर उजेड भरपूर वाटतो, पण डोळ्याला वाटणारा उजेड आणि सेन्सरला मिळणारा उजेड यांत मोठे अंतर असते. इथे एफ १.८ चा आकडा कामी येतो, आणि इथेच त्यातली मेख कळते. झूमच्या लेन्सवर आकड्यांची जोडी छापलेली असते, उदाहरणार्थ एफ १.८ ते ४.९. पहिला आकडा रुंद कोनाचा, दुसरा झूम लांबवल्यावरचा. दोन आकड्यांचा भागाकार करून त्याचा वर्ग केला की उत्तर ७.४ येते, म्हणजे मागच्या रांगेत बसून नटाचा चेहरा जवळ आणला की सेन्सरवर पडणारा उजेड सातपटीहून अधिक कमी होतो. मंचाजवळून आयएसओ १६०० ला जे चित्र मिळते त्यासाठी मागून आयएसओ १२,००० च्या घरात जावे लागते, आणि एक इंची सेन्सरला मी ३२०० च्या पुढे नेत नाही. तेव्हा लवकर जाऊन पुढच्या सतरंजीवर जागा धरणे हाच खरा झूम. जीआरसारखा मोठ्या सेन्सरचा एकलेन्सी कॅमेरा इथे उजवा ठरेल, हे मान्य केले पाहिजे.

मंचावरच्या एलईडी दिव्यांचा आणखी एक खेळ आहे. आपल्याकडचा वीजप्रवाह ५० हर्ट्झचा असल्याने स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही. शटर पाचशेव्या भागावर ठेवले तर एक फोटो उजळ, दुसरा अंधारा येतो, आणि इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर चित्रावर आडवे पट्टे उमटतात. शंभराव्या किंवा पन्नासाव्या भागावर ठेवले की दिव्याची पूर्ण आवर्तने पकडली जातात आणि सगळी चित्रे सारखी येतात. नट संवाद म्हणताना क्षणभर थांबतो तो क्षण शंभराव्या भागाला पुरतो. लावणीच्या गिरकीला पुरत नाही, आणि ती हललेलीच बरी दिसते. पाकळ्यांच्या शटरला आवाज जवळपास नसतो, ही गोष्ट नाटकात सोयीची आणि गावातल्या सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेत फारच मोलाची. खंजिरी थांबल्यावरच्या शांततेत मोठ्या कॅमेऱ्याचा खटका साऱ्या सभेचे लक्ष वेधतो.

फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा मात्र कोणताही कॅमेरा सहज फसतो. फुलांचा नारिंगी-लाल इतका गडद असतो की कॅमेऱ्यातला उजेडाचा एकूण आलेख ठीक दिसत असतानाही लाल रंगाची पातळी टोकाला जाऊन कापली जाते आणि पाकळ्यांच्या जागी सपाट ठिगळ उरते. तिन्ही रंगांचे वेगवेगळे आलेख दाखवणारा कॅमेरा असेल तर हे जागेवर कळते. नसेल तर एक स्टॉप खाली यावे.

लोक कॅमेऱ्याकडे कसे पाहतात, हेही रोजच्या वापरात मोजावे लागते. मोठा कॅमेरा गळ्यात दिसला की नुकसानीची पाहणी आली असे समजून लोक गोळा होतात, अवकाळीनंतर तर “पंचनाम्यासाठी हाय काय जी?” हा पहिला प्रश्न असतो, आणि नाही म्हणताना आपल्यालाच ओशाळे वाटते. मोबाईल समोर धरला की फोटो कुठे टाकणार याची शंका असते. छोटा कॅमेरा पाहून म्हाताऱ्यांना रीळवाल्या कॅमेऱ्याची आठवण होते, आणि रीळ म्हटले की त्यांना कागदावरचा फोटो हवा असतो. “फोटू भेटन ना आमाले?” हे आधीच विचारून घेतात. चार बाय सहा इंचांच्या प्रिंटला दर इंचाला ३०० ठिपक्यांच्या हिशेबाने १२०० गुणिले १८०० पिक्सेल लागतात, म्हणजे २२ लाखांच्या आत. दोन कोटी पिक्सेलचा सेन्सर त्यासाठी अवाढव्य आहे. पण एक इंची सेन्सरची चौकट तीनास दोन या प्रमाणात असते आणि चार बाय सहाचा कागदही त्याच प्रमाणाचा असतो, म्हणून फोटो जसा काढला तसाच छापून येतो. मोबाईलची चौकट चारास तीन. ती छापताना दुकानदार वरखाली कापतो आणि बहुधा कोणाचा तरी फेटा जातो.

या सगळ्याचा हिशेब करून मी कोणता कॅमेरा सुचवतो, असे मला सहकारी शिक्षक विचारतात. ज्यांचे दिवस धुळीत आणि पावसातच जातात त्यांना मी टीजी ६ सारखा धूळ व पाणी आत न घेणारा, नळी बाहेर न काढणारा कॅमेरा सांगतो, त्याचा सेन्सर लहान असला तरी. ज्यांना रात्रीचे आणि माणसांचे फोटो हवेत आणि जवळ जाण्याचा संकोच नाही त्यांना जीआर. स्वतःसाठी मात्र मी अजून एक इंची गटातच राहीन, आणि पुढचा घेताना फ्लॅश आणि डोळ्याला लावायची खिडकी या दोन गोष्टींवर अडून बसेन, बाकी कशावर नाही. नवा महाग असतो, म्हणून बहुधा जुनाच घेणे होईल. शहरांतल्या तरुणांमध्ये जुन्या छोट्या कॅमेऱ्यांची हौस पुन्हा निघाल्यापासून त्यांचेही भाव चढले आहेत, पण नागपूरला सीताबर्डीत हिंडले तर अजून काही ना काही मिळते. घेताना बॅटरी फुगलेली नाही ना हे पाहावे, नळी आतबाहेर होताना कुरकुर करते का ते कान देऊन ऐकावे, भिंगात टॉर्च मारून बुरशीचे जाळे शोधावे, आणि दुकानाबाहेर येऊन एफ ११ ला मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढून तो पडद्यावर मोठा करून कोपऱ्याकोपऱ्यात पाहावा. दुकानदार एवढ्याला तयार नसेल तर पुढच्या दुकानात जावे.